पावसाचा पडदा आणि उपग्रहाची वाणी

वैशाखाच्या अखेरीस, तिसऱ्या प्रहरीं, आकाश एकाएकीं काळवंडतें. धूळ उठते, वारा सुटतो, आणि पहिले टपोरे थेंब कौलांवर वाजूं लागतात तोंच घरांतील दूरचित्रवाणीचें चित्र प्रथम चौकोनाचौकोनांनीं तुटतें, मग गोठतें, आणि शेवटीं 'सिग्नल नाहीं' एवढी पाटी मागें ठेवून नाहींसें होतें. मुलें छपरावरील डिशकडे बोट दाखवितात. थोरलीं माणसें कंपनीला दोष देतात. दहा-पंधरा मिनिटांनीं वळीव ओसरतो, ऊन पडतें, आणि कोणीं कशालाहि हात न लावतां चित्र परत येतें. डिश बिघडलेली नसते. उपग्रहहि जागचा हललेला नसतो. जें कांहीं घडतें तें दोहोंच्या मध्यें, पावसाच्या पडद्यांत घडतें.

क्रिकेटचा सामना दहा मिनिटें दिसला नाहीं म्हणून कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु याच आकाशमार्गानें आज बँकांच्या दूरच्या शाखांचे हिशेब जातात, जहाजांचे निरोप जातात आणि वादळाची सूचना किनाऱ्यावर पोंचते. त्यांत विपरीत असें कीं, ज्या घटकेस पाऊस सर्वांत अनावर असतो त्याच घटकेस माणसाला निरोपाची गरज सर्वांत अधिक असते. २००५ सालीं जुलैच्या २६ तारखेस सुरू झालेल्या पावसानें मुंबईत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरांचा आंकडा गाठला. अशा दिवशीं रस्ते पाण्याखालीं जातात, जमिनीवरील तारा निकामी होतात आणि माणूस आकाशाकडे आशेनें पाहूं लागतो. म्हणून पाऊस उपग्रहाच्या संदेशाला कसा अडवितो आणि त्यावर उपाय काय, हा विषय केवळ यंत्रज्ञांच्या कुतूहलाचा राहत नाहीं.

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी जितक्या वेळांत स्वतःभोंवतीं एक फेरा घेते तितक्याच वेळांत त्यांचीहि एक प्रदक्षिणा पुरी होते, म्हणून ते आकाशांत एकाच जागीं टांगल्यासारखे राहतात. एवढ्या अंतरावरून येणाऱ्या लहरी पसरत पसरत अत्यंत क्षीण होतात. पण ही क्षीणता रोजची आणि ठरलेली असते, व तिचा हिशेब यंत्र बांधतांनाच केलेला असतो. न ठरलेली हानि होते ती प्रवासाच्या अगदीं शेवटच्या पांच-सहा किलोमीटरांत. काशीहून गंगेची कावड सुखरूप आणावी आणि ती आपल्याच अंगणांत सांडावी, तशांतला हा प्रकार आहे.

पाऊस या लहरींना अडवितो तो दोन रीतींनीं. पाण्याचा थेंब लहरींतील कांहीं शक्ति पिऊन टाकतो व तिची ऊब करतो. आणि कांहीं शक्ति तो भलत्याच दिशांना उधळून देतो. हें किती प्रमाणांत व्हावें, तें थेंबाचा आकार आणि लहरीची लांबी यांच्या नात्यावर अवलंबून असतें. समुद्राची मोठी लाट पाण्यांत रोंवलेल्या खुंटाला न जुमानतां पुढें जाते. लहानसा तरंग मात्र त्याच खुंटावर फुटतो. पावसाचा थेंब भुरभुरीच्या सरींत अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असतो, तर वळवाच्या सरींत पांच मिलिमीटरपर्यंत फुगतो. लहर त्याच्या मानानें जितकी लांब तितकी ती निर्वेध जाते. जितकी आंखूड तितकी ती थेंबाथेंबावर ठेंचाळते.

लहरींची ओळख त्यांच्या कंपनसंख्येवरून देण्याचा प्रघात आहे. सेकंदाला एक अब्ज कंपनें म्हणजे एक गिगाहर्ट्झ. उपग्रहाच्या व्यवहारांत सी-बँड म्हणून जो पट्टा आहे त्याची उतरती लहर सुमारें ४ गिगाहर्ट्झची, म्हणजे साडेसात सेंटिमीटर लांबीची असते. घराघरांवरील लहान डिशा ज्या कु-बँडवर चालतात तेथें १२ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर होते. नव्या, अधिक माल वाहणाऱ्या का-बँडमध्यें उतरती लहर २० गिगाहर्ट्झची, अवघी दीड सेंटिमीटर. आणि चढती लहर ३० गिगाहर्ट्झची, जेमतेम एक सेंटिमीटर.

या नांवांना एक मौजेचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत सव्वा सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर रडार बांधण्यांत आलें व त्या पट्ट्यास 'के' हें अक्षर दिलें गेलें. पुढें असें आढळलें कीं, हवेंतील बाष्प २२ गिगाहर्ट्झच्या सुमारास लहरी विशेष गिळतें आणि हें रडार नेमकें त्याच्या शेजारींच बसलेलें आहे. तेव्हां त्या जागेच्या खालचा पट्टा आणि वरचा पट्टा असे दोन पट्टे उपयोगासाठीं निवडण्यांत आले, व 'खालीं' आणि 'वर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें 'के'ला जोडून के-यू आणि के-ए हीं नांवें पडलीं. त्यांचेंच आज कु आणि का झालें आहे. त्याच युद्धकाळांत इंग्लंडमध्यें जे. डब्ल्यू. राइड यांनीं पावसामुळें आंखूड लहरी किती क्षीण होतील याचें गणित मांडलें. त्याच्याहि पूर्वीं, १८९५ च्या सुमारास, जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यांत अवघ्या पांच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर प्रयोग केले होते. पण त्या लहरी इमारतींच्या आंत थोड्या अंतरावर धांवत, आणि घरांत पाऊस पडत नसतो!

हानीचें माप डेसिबेल या एककानें देतात. त्याची खूण लक्षांत ठेवण्यास सोपी आहे. तीन डेसिबेल गेले म्हणजे शक्ति निम्मी उरली. दहा गेले म्हणजे दहावा हिस्सा. वीस गेले म्हणजे शंभरावा. तीस गेले म्हणजे हजारावा. आतां तासाला शंभर मिलिमीटर या वेगानें पाऊस कोसळत आहे असें धरूं. त्यांतून जातांना सी-बँडची ४ गिगाहर्ट्झची लहर दर किलोमीटरमागें सुमारें पंचमांश डेसिबेलच गमावते. कु-बँडची १२ गिगाहर्ट्झची लहर मात्र किलोमीटरमागें साडेपांच डेसिबेल गमावते. का-बँडची २० गिगाहर्ट्झची लहर बारा, आणि ३० गिगाहर्ट्झची तर एकोणीस. अशा पावसांतून लहरीला चार किलोमीटर जावें लागलें, तर सी-बँडवर एक डेसिबेलहि जात नाहीं, कु-बँडवर शंभरावा हिस्सा उरतो, आणि का-बँडच्या उतरत्या लहरीचा दहा हजारांतील एकहि हिस्सा पुरता पोंचत नाहीं.

एवढ्यावरच भागत नाहीं. अंधारांत दुरून कोणी हांक मारीत असतां त्याचा आवाज बारीक व्हावा आणि त्याच वेळीं ऐकणाऱ्याच्या कानाशीं गलका सुरू व्हावा, तसा दुहेरी आघात पाऊस करतो. जो पदार्थ लहरी पितो तो स्वतःहि आपल्या उष्णतेनुसार लहरी बाहेर टाकीत असतो. निरभ्र आकाश हें या लहरींच्या दृष्टीनें फार थंड आणि शांत असतें. पण पावसाचा ढग आडवा आला कीं डिशला थंड आकाशाऐवजीं ऊबदार पाणी दिसूं लागतें आणि ग्राहक यंत्रांतील खरखर वाढते. म्हणजे संदेश घटतो आणि गोंगाट वाढतो.

हें सारें सर्वच देशांत घडतें. मग उष्ण कटिबंधालाच त्याचा एवढा जाच कां? त्याचें कारण आपल्याकडील पावसाच्या जातींत आहे. श्रावणांतली रिपरिप दिवसभर चालते, अंगण ओलें करते, पण चित्राला सहसा धक्का लावीत नाहीं. वैशाखांतला वळीव किंवा हस्ताचा गडगडाटी पाऊस दहा मिनिटांचा असतो आणि सर्व कांहीं बंद पाडतो. तेव्हां वर्षाकांठीं किती पाऊस पडला हें माप येथें उपयोगीं पडत नाहीं. एकेका मिनिटाला तो किती वेगानें पडला, हें पाहावें लागतें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पर्जन्यमापकांतील पाणी मोजून जो आंकडा मिळतो, त्यांत ही गोष्ट दडून राहते. वर्षांतील अगदीं मोजकीं, सुमारें ५३ मिनिटें, ज्याहून अधिक जोराचा पाऊस होतो तो वेग यंत्रज्ञ प्रमाण म्हणून घेतात. पश्चिम युरोपांत पुष्कळ ठिकाणीं तो तासाला तीस मिलिमीटरच्या आसपास असतो, तर विषुववृत्तालगतच्या दमट प्रदेशांत शंभराच्या घरांत जातो.

दुसरें कारण उंचीचें. ढगांत जेथें बर्फ वितळून पाणी होतें ती पातळी उष्ण कटिबंधांत जमिनीपासून सुमारें पांच किलोमीटरांवर असते. थंड देशांतील हिवाळ्यांत ती पुष्कळच खालीं येते. त्या पातळीच्या वर बहुतेक हिम असतें आणि कोरडें हिम लहरींना फारसें अडवीत नाहीं. अडवितें तें पाणी. म्हणून आपल्याकडे पाण्याचा पडदाच अधिक जाड असतो. मुंबईहून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाकडे पाहणारी डिश क्षितिजापासून सुमारें ५८ अंश वर रोंखलेली असते. तिच्या लहरीला या पडद्यांतून सहा किलोमीटरांच्या आंत सुटका मिळते. तीच डिश वीस अंशांवर रोंखावी लागली असती, तर पडद्यांतील वाट चौदा किलोमीटरांहून अधिक झाली असती. म्हणून उपग्रह शक्य तों डोक्याच्या जवळ असावा, हा पहिला आणि फुकटांतला उपाय होय.

पुढील उपाय खर्चाचे आहेत, आणि प्रत्येकाची एक मर्यादा आहे. सर्वांत जुना उपाय म्हणजे शिल्लक ठेवणें. शहाणा गृहस्थ ज्याप्रमाणें दुष्काळासाठीं कणगींत धान्य राखतो, त्याप्रमाणें निरभ्र दिवशीं लागते त्याहून अधिक शक्ति बांधणींतच राखून ठेवावयाची. घरची साठ सेंटिमीटर व्यासाची डिश काढून नव्वद सेंटिमीटरची बसविली, तर तिचें क्षेत्रफळ सव्वादोन पट होतें आणि साडेतीन डेसिबेल पदरांत पडतात. एकशें वीसची बसविल्यास सहा. वीस डेसिबेलांच्या घाल्यापुढें हें थोडें आहे खरें. तथापि मध्यम सरींत चित्र टिकतें आणि मोठ्या सरींत तें उशिरां जाऊन लवकर परत येतें. मोठी डिश अधिक नेमकी रोंखावी लागते, एवढें मात्र विसरतां कामा नये.

दुसरा उपाय, गरजेप्रमाणें जोर वाढविणें. उपग्रहाकडे संदेश चढविणारें मोठें केंद्र उपग्रहाकडून सतत येणारी एक खुणेची लहर ऐकत असतें. ती क्षीण होऊं लागली कीं आपल्या डोक्यावर पाऊस आला हें जाणून तें केंद्र आपल्या प्रक्षेपणाचा जोर तितक्या प्रमाणांत वाढवितें, आणि पाऊस ओसरतांच कमी करतें. पण ही सोय चढत्या वाटेची. उपग्रहावर वीज सूर्यप्रकाशापासून मिळते आणि ती मोजून मापून असते. एका जिल्ह्यांत सर आली म्हणून तेथें दहा हजार पट जोर लावणें त्याला शक्य नाहीं.

तिसरा उपाय सर्वांत चतुर आहे. गलक्यांत बोलणारा मनुष्य काय करतो? तो सावकाश बोलतो, शब्द तोडून बोलतो, आणि महत्त्वाचा शब्द दोनदां उच्चारतो. २००५ च्या सुमारास युरोपांत प्रमाण म्हणून मान्य झालेल्या डी.व्ही.बी.-एस.२ या पद्धतींत हेंच तत्त्व योजिलें आहे. आकाश स्वच्छ असतां यंत्रें भरभर आणि दाटीवाटीनें माहिती पाठवितात. पाऊस वाढेल तसतशीं तीं पायरी पायरीनें मंदावतात आणि चुका दुरुस्त करण्यासाठीं जादा अक्षरें सोबत देतात. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद पायरींमध्यें सुमारें अठरा डेसिबेलांचें अंतर पडतें. संदेश हळू जातो, पण जातो. मात्र त्यासाठीं ऐकणाऱ्यानें 'मला नीट ऐकूं येत नाहीं' असें उलट कळवावें लागतें. बँकेच्या शाखेचें यंत्र तसें कळवूं शकतें. घरावरील डिश केवळ ऐकणारी. तिला बोलतां येत नाहीं, आणि लक्षावधि घरांसाठीं चाललेलें प्रक्षेपण एका घरच्या पावसासाठीं मंद करतांहि येत नाहीं. म्हणूनच बँकेचें काम चालू राहतें आणि शेजारच्या घरांतील सामना बंद पडतो.

चवथा उपाय निसर्गाच्याच एका गुणावर बसविला आहे. वळवाचा जोरकस गाभा थोड्याच किलोमीटरांचा असतो. गांवाच्या या वेशीवर धो धो आणि त्या वेशीवर ऊन, हें सर्वांनीं पाहिलें आहे. म्हणून वीस-तीस किलोमीटर अंतरावर दोन केंद्रें उभारून तीं तारेनें जोडतात. एकावर सर आली कीं काम दुसऱ्याकडे सोंपवितात. अशीं केंद्रें कमी पावसाच्या प्रदेशांत ठेवणें अर्थातच श्रेयस्कर. महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून फार दूर नसलेल्या फलटणकडे साधारण पांचशेंच्या आसपास. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतहि वळीव तितकाच दांडगा असतो. पण त्याच्या घटका मोजक्या असतात.

या सर्व उपायांचा विचार करतांना भारताचा स्वतःचा अनुभव फार बोधप्रद आहे. १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैपर्यंत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यांत आले. त्यासाठीं निवडलेली लहर ८६० मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारें ३५ सेंटिमीटर लांबीची होती. तारेच्या जाळीची तीन मीटरांची साधी छत्री तिला पुरे होई, आणि पाऊस तिच्या वाटेस जात नसे. पुणें जिल्ह्यांतील आर्वी येथें १९७० नंतर लवकरच उभें राहिलेलें परदेशी संपर्काचें उपग्रह-केंद्रहि आपल्या प्रचंड अंटेनासह सी-बँडवरच काम करी. पुढें माहितीचा भार वाढला, लांब लहरींचे पट्टे अपुरे पडूं लागले, आणि प्रत्येक घरीं मावेल अशी लहान डिश हवी झाली. २००४ च्या डिसेंबरांत दूरदर्शनची थेट घरीं येणारी सेवा कु-बँडवर सुरू झाली. लहान डिश आणि पुष्कळ वाहिन्या हा लाभ मिळाला. पावसाची खंडणी ही त्याचीच किंमत.

का-बँडकडे वळण्यापूर्वीं ही किंमत मोजून पाहण्याचें धोरण मात्र स्तुत्य होतें. २०१४ च्या जानेवारीच्या ५ तारखेस सोडलेल्या जीसॅट-१४ या उपग्रहावर २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्झच्या दोन खुणेच्या लहरी केवळ एवढ्यासाठीं ठेवल्या होत्या कीं, भारतांतील पाऊस त्यांना किती क्षीण करतो तें येथेंच मोजतां यावें. थंड देशांतल्या पावसाचे आंकडे उसने घेऊन येथील यंत्रांची शिल्लक ठरविणें म्हणजे दुसऱ्याच्या अंगच्या मापानें आपला अंगरखा शिवणें होय. तो पहिल्याच पावसांत उसवतो.

तरीहि सर्व उपाय करूनसुद्धां एक गोष्ट शिल्लक राहतेच. वळवाच्या ऐन भरांत आंखूड लहर हरणार, आणि तिला जिंकण्यासाठीं लागणारा खर्च कोणत्याहि देशाला परवडणार नाहीं. म्हणून खरा प्रश्न पावसाला जिंकण्याचा नसून, पावसांत कोणता निरोप आधीं जावा हें अगोदर ठरविण्याचा आहे. जीविताशीं ज्याचा संबंध आहे तो निरोप थोडक्या शब्दांचा असतो, आणि थोडक्या शब्दांना लांब लहर पुरते. किनाऱ्यावर वादळाची सूचना देणारीं जीं यंत्रें इन्सॅट उपग्रहांच्या साहाय्यानें १९८० नंतरच्या दशकांत बसविण्यांत आलीं, तीं अडीच गिगाहर्ट्झच्या सुमाराची लहर ऐकत असत. २०१९ सालीं खोल समुद्रांत जाणाऱ्या मच्छीमारांसाठीं 'जेमिनी' नांवाचें जें उपकरण निघालें, त्यास 'गगन' योजनेच्या उपग्रहांकडून दीड गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीवर सूचना मिळते. या लहरींना पाऊस जवळजवळ दिसतच नाहीं. चित्रपट आणि सामने आंखूड लहरींनीं यावेत, नाहीं आले तर घटकाभर थांबावेत. परंतु 'परत फिरा, वादळ येत आहे' हे पांच शब्द कोणत्याहि पावसांतून पोंचले पाहिजेत.

गृहस्थानें आपल्यापुरतें करावयाचें तें अगदीं थोडें आहे. आगोटीच्या आधीं जसें छप्पर शाकारतात, तशी मृगापूर्वीं एकदां डिश पाहावी. तिचे नट ढिले झाले असतील तर ते आवळून ती पुन्हां नेमकी रोंखावी. केबलच्या जोडांत पाणी शिरूं नये म्हणून ते नीट बंद करावेत. डिशच्या तोंडाशीं असलेल्या डबीचें झांकण फुटलें असेल तर बदलावें. आणि वर्षभरांत आड वाढलेली आंब्याची फांदी छाटावी, कारण ओलीं पानें हाहि एक पडदाच असतो. जी डिश कोरड्या दिवशींच कशीबशी तग धरते, तिला शिल्लक अशी नसते, आणि ती पहिल्या सरीला मान टाकते. इतकें करूनहि वळवांत चित्र गेलें, तर कोणाला बोल लावूं नये. तापलेल्या मातीवर पाऊस पडत आहे, तोंवर अंगणांत येऊन तो पाहावा. दहा मिनिटांनीं चित्र आपोआप परत येईल.